जमीन विकणाऱ्याचा फोन आला तर…
(ऊस विकास विभागाकडून)



दर अंकात आम्ही बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे, पण बांधावरचाच आहे. आपल्या सभासदांपैकी बरेच जण आता शेतीला जोडून जमिनीची थोडीफार खरेदी करतात. कोणी कारखान्यात शिफ्टला आहे, कोणी दूध संघात आहे, कोणाचे खताचे दुकान आहे. चार पैसे शिल्लक पडले की अर्धा-एक एकर घ्यायचा, सपाटीकरण करून पाण्याखाली आणायचा, पुढे ठेवायचा किंवा विकायचा. गावात एकदा नाव झाले की विकणाऱ्यांचे फोन आपसूक येऊ लागतात.

आमच्या खात्याचा याच्याशी संबंध येतो तो नोंदीच्या वेळी. जमीन एकाने विकली, दुसऱ्याने घेतली, ऊस उभा आहे, आणि बिलावर दोघेही हक्क सांगतात. कधी तिसरी बहीण अर्ज घेऊन येते. अशा तंट्यांच्या मुळाशी गेले तर बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते. व्यवहार दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बिघडलेला नसतो, तो पहिल्या फोनवरच बिघडलेला असतो. विचारायचे ते विचारले नाही आणि बोलायचा नव्हता तो भाव बोलून टाकला.

म्हणून या लेखाचे सांगणे एवढेच आहे, की पहिला फोन माहिती घेण्यासाठी असतो, भाव ठरवण्यासाठी नसतो. ऊस तोडीला आला का हे आपण उंचीवरून ठरवत नाही, ब्रिक्स पाहतो. जमिनीचेही तसेच आहे.

१. वेळ आणि वही

हा जोडधंदा आहे, पोटाचा धंदा नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. रात्री मोटर चालू करायला निघालात, शिफ्टची वेळ झाली, तोडीची टोळी फडात उभी आहे, अशा वेळी आलेल्या फोनवर जमिनीचे बोलणे करू नये. अर्धे कान आणि अर्धे लक्ष ठेवून केलेले बोलणे पुढे महागात पडते. सरळ सांगावे, "आत्ता फडात आहे. संध्याकाळी साडेसातला मीच फोन करतो." आणि साडेसातला खरोखर फोन करावा. ज्याला जमीन विकायची आहे त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. दोन वेळा फोन केला नाही, तर तो दुसऱ्याकडे जातो आणि जाताना चार ठिकाणी सांगतोही.

दुसरे म्हणजे वही. शंभर पानी वही घ्यावी आणि एका गट नंबराला एक पान द्यावे. तारीख, फोन करणाऱ्याचे नाव, गाव, गट नंबर, काय बोलणे झाले आणि पुढे काय करायचे, एवढे लिहावे. घरी फोन कुटुंबातल्या कोणी घेतला तर त्यांनीही नाव, गाव आणि गट नंबर एवढेच लिहून घ्यावे. "आमचे हे घेतीलच" किंवा "त्या भावात नको" असे घरच्यांनी काही बोलू नये. महिन्यात सात-आठ फोन आले की कोणता कोणाचा हे डोक्यात राहत नाही. वहीत मात्र राहते.

२. आधी ऐकावे

फोन उचलल्याबरोबर "एकरी काय म्हणता?" असे विचारणारे फार आहेत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशातला हा प्रकार. पहिली चार-पाच मिनिटे समोरच्याला बोलू द्यावे. जमीन विकणारा माणूस एकदम मुद्द्याचे बोलत नाही. पावसाचे बोलेल, उसाच्या बिलाचे बोलेल, मुलाच्या शिक्षणाचे बोलेल. त्यातच खरी माहिती असते.

बोलणारा मालक आहे की मध्यस्थ, हेही पहिल्यांदाच विचारावे. मध्यस्थ असला तरी बिघडत नाही, पण दुसरे बोलणे मालकाशीच झाले पाहिजे. मालकाशी गाठ घालून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे विकण्याचा अधिकार आहे की नाही याची शंका घ्यावी.

३. फोनवर विचारायचे सात प्रश्न

एक : गाव, गट नंबर आणि क्षेत्र. क्षेत्र सातबाऱ्यावर हेक्टर-आर मध्ये किती आहे, ते विचारावे. बोलताना "एकरभर" म्हणायची आपल्याकडे सवय आहे. समजा सातबाऱ्यावर ० हेक्टर ३६ आर आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि ४०.४७ आर. म्हणजे ही जमीन साडेपस्तीस गुंठ्यांच्या आसपास भरते. गुंठ्याला ४०,००० रुपये भाव धरला, तर साडेचार गुंठ्यांच्या फरकाने पावणेदोन लाखांवर रक्कम इकडची तिकडे होते. पोटखराबा किती आहे, हेही त्याच दमात विचारावे.

दोन : नाव कोणाकोणाचे आहे? जमीन वडिलोपार्जित की स्वतः घेतलेली? भाऊ किती, बहिणी किती? बहिणींचा प्रश्न न लाजता विचारावा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हिस्सा आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या वेगळ्या. "बहिणींनी कधीच काही मागितलं न्हाई" हे उत्तर पुरेसे नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का, नसेल तर त्या सह्या करायला येणार का, हे विचारावे.

तीन : भोगवटादार वर्ग एक की वर्ग दोन? वर्ग एकची जमीन सर्वसाधारणपणे मालकाला विकता येते. वर्ग दोनच्या जमिनीला अटी असतात, आणि परवानगी किंवा नजराण्याशिवाय व्यवहार केला तर तो अंगलट येतो. कुळकायद्याने मिळालेली, इनामाची, वतनाची, सरकारकडून मिळालेली किंवा पुनर्वसनाचा शेरा असलेली जमीन असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

चार : इतर हक्कांत काय आहे? सोसायटीचा बोजा, बँकेचे कर्ज, विहिरीतला हिस्सा, कुळाचे नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, हे सगळे सातबाऱ्याच्या याच रकान्यात सापडते. उपसा सिंचन योजनेची थकबाकी मात्र कधी कधी कागदावर नसते, ती तोंडी विचारावी.

पाच : रस्ता आणि पाणी. उसाची गाडी फडापर्यंत जाते का? रस्ता नकाशावर आहे, की शेजाऱ्याच्या मर्जीवर? बांधावरून रस्ता मागण्याची सोय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ मध्ये तहसीलदारांकडे आहे. पण ते प्रकरण चालेपर्यंत दोन हंगाम जातात. पाणी विहिरीचे, नदीचे की योजनेचे, आणि पाळी किती दिवसांनी येते, हेही लिहून घ्यावे.

सहा : ताबा कोणाकडे आहे, आणि रानात आज काय उभे आहे? खंडाने किंवा वाट्याने कोणी कसत असेल, तर त्याच्याशीही बोलावे लागेल.

सात : का विकता, आणि पैसे कधी लागतात? हा प्रश्न शेवटी आणि नरमाईने विचारावा. उत्तर आले नाही तर खोदून विचारू नये. पण बहुतेक जण सांगतात, आणि त्यावरच पुढचे बरेच अवलंबून असते.

४. बोलणे कसे असावे?

नमुन्यादाखल एक संभाषण देत आहोत. फोन करणारे वयाने मोठे आहेत, घेणारा तरुण सभासद आहे.

"राम राम. तुम्ही जमीन घेताय म्हणून कळलं. वढ्याकडंची आमची पट्टी काढायची हाय."

"राम राम आण्णा. जरा थांबा, वही घेतो. हां, बोला. गाव कुठलं तुमचं? गट नंबर ध्यानात आहे का?"

"नंबर सातबाऱ्यावर हाय, पोराला विचारून सांगतो. एकरभर हाय बगा. एकरी काय देणार तेवडं सांगा."

"आण्णा, रान बघितल्याशिवाय भाव सांगितला, तर एक तर तुमचं नुकसान व्हायचं न्हाई तर माझं. आधी दोन-चार गोष्टी विचारू का?"

"विचारा की."

"जमीन तुमच्या एकट्याच्या नावावर, की भावांचीपण नावं हायत?"

"आमी दोघं भाऊ. धाकट्याला ठावं हाय."

"आणि बहिणी?"

"दोगी हायत. त्यांचं काय, त्या आपल्या घरी सुखी हायत."

"त्यांच्याशी एकदा बोलून घ्या आण्णा. त्यांची सही लागंल. नंतर कटकट नको, तुम्हाला बी आन् मला बी. सोसायटीचं काय हाय का?"

"हाय थोडं. यंदाच्या उसातनं फिटंल."

"बरं. पोराकडनं गट नंबर घेऊन उद्या सांगा. मी सातबारा काढून बघतो आणि रविवारी सकाळी रानात येतो. तोवर दुसऱ्या कुणाशी बोलायचं असंल तर खुशाल बोला, माझी आडकाठी न्हाई."

यात घेणाऱ्याने भाव सांगितला नाही, शब्द दिला नाही आणि समोरच्याला अडवूनही ठेवले नाही. बहिणींची गोष्ट पहिल्या दिवशीच उजेडात आली. एवढे झाले म्हणजे फोन चांगला झाला असे समजावे.

विकणाऱ्याने भावाचा फारच आग्रह धरला, तर "तुमची अपेक्षा काय आहे ती सांगा, लिहून ठेवतो" एवढेच म्हणावे. त्यावर "लई सांगताय" असेही म्हणू नये आणि "चालेल" असेही म्हणू नये.

५. कोणते फोन तिथेच थांबवावेत?

(अ) "खरेदी करून घ्या, दोन वर्षांनी पैसे देऊन परत घेतो." हे बोलणे जमीनविक्रीचे नाही, कर्जाचे आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे आणि तारण म्हणून खरेदीखत करून घेणे हे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली येते. चौकशीत तसे ठरले, तर जिल्हा उपनिबंधक खरेदीखत रद्द ठरवून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश करू शकतात. म्हणजे पैसेही अडकतात, जमीनही जाते आणि गुन्हाही दाखल होतो. अशा माणसाला "मला हे जमणार नाही, सोसायटीत किंवा बँकेत विचारा" असे सांगून मोकळे व्हावे.

(आ) "बहिणींच्या सह्या मागनं घेऊ, आधी खरेदी उरकू." आधी सह्या, मग खरेदी. यात सवलत नाही.

(इ) "वर्ग दोन आहे, पण मुखत्यारपत्र आणि साठेखत करून देतो." मुखत्यारपत्राने मालकी येत नाही. परवानगी आणल्यावर या, असे सांगावे.

(ई) आदिवासी खातेदाराची जमीन. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे बिगर-आदिवासीला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. या कलमांचा हेतूच त्या कुटुंबाची जमीन टिकावी हा आहे, तेव्हा त्यातून पळवाट शोधू नये.

(उ) "गुंठा-दोन गुंठे तोडून देतो." तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. त्याचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. आपल्या गटाला आज कोणता नियम लागू आहे, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारल्याशिवाय विसार देऊ नये.

(ऊ) "आजच विसार पाठवा, नाहीतर दुसरा न्यायला बसलाय." दुसऱ्याला नेऊ द्यावे. जमीन आहे तिथेच राहते, गेलेला विसार मात्र परत येईलच असे नाही. २०१५ पासून जमिनीच्या व्यवहारापोटी वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्याने बंदी घातली आहे. निव्वळ शेतीचे उत्पन्न असलेल्यांना त्यात काही सूट आहे, तरी आमचे सांगणे असे की विसार लहान असो वा मोठा, तो बँकेतूनच आणि लेखी करूनच द्यावा.

६. फोन ठेवल्यावर

त्याच संध्याकाळी गट नंबरावरून सातबारा ऑनलाइन पाहावा. मोबाईलवर आलेल्या फोटोवर भिस्त ठेवू नये, तो दोन वर्षांपूर्वीचाही असू शकतो. डिजिटल सहीचा ताजा उतारा काढावा. प्रलंबित फेरफार आहे का ते पाहावे. आठ-अ आणि जुने फेरफार पाहून नावे कशी बदलत आली, ते वहीत उतरवावे. मग रान पाहायला जावे, आणि शेजारच्या बांधकऱ्याशी दोन शब्द बोलावे. हे सगळे जुळले तर वकिलाकडून शोध अहवाल घ्यावा, वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी. भावाचे बोलणे सातबारा आणि रान पाहिल्यावर समोरासमोर बसून करावे.

व्यवहार करायचा नसेल तर तेही फोन करून सांगावे. "आण्णा, रस्त्याची अडचण दिसतीया, माझ्याच्यानं होणार न्हाई." एवढ्या एका वाक्याने माणूस मोकळा होतो. महिना-महिना गप्प बसून त्याला ताटकळत ठेवणे बरे नव्हे.

७. उभ्या उसाचे काय?

हा मुद्दा आमच्या खात्याचा. उसासह जमीन घेत असाल तर ऊस कोणाचा, खोडवा कोणाचा, हे खरेदीखतात किंवा साठेखतात स्पष्ट लिहावे. ऊस नोंद ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावाने बिल निघते, आणि त्यातून सोसायटीची वसुली, बेणे-खताची उधारी आणि पाणीपट्टी वजा होते. "बिल तुमचंच" असे तोंडी ठरले आणि वसुली वजा होऊन हातात निम्मेच आले, की भांडण ठरलेले. म्हणून व्यवहार झाल्याबरोबर दोघांनी मिळून, दोघांच्या सह्यांचा अर्ज गट ऑफिसला द्यावा. तोडीची चिठ्ठी निघाल्यावर अर्ज आला तर आमचाही नाइलाज होतो. जमीन विकली म्हणून कारखान्याचा भाग आपोआप घेणाऱ्याच्या नावावर होत नाही, हेही दोघांनी समजून घ्यावे. त्याची रीत वेगळी आहे.

८. अडलेल्याचा फोन

शेवटी थोडे मनातले. जमीन विकणारे सगळेच हौसेने विकत नाहीत. दवाखाना, लग्न, थकलेले कर्ज, घरातला कर्ता माणूस गेलेला. अशा घरातून एखाद्या ताईंचा फोन येतो आणि त्या म्हणतात, "दादा, काय द्यायचं ते द्या, पण लवकर करा." या वाक्याला नफा समजणारा माणूस एका व्यवहारात चार पैसे मिळवील, पण त्या गावात त्याला पुन्हा कोणी बोलावणार नाही. शिवाय अडचणीत, घाईत आणि पडत्या भावात झालेली खरेदी पुढे कोर्टात जाण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

अशा वेळी चार गोष्टी आपणहून सांगाव्यात. ताई, भावाला किंवा जाणत्या नातेवाइकाला बोलण्यात घ्या. वकील तुमचा वेगळा ठेवा, माझा नको. आणखी दोघांकडून भाव काढा. सगळी जमीन विकायची गरज आहे का तेही पाहा, कदाचित एक तुकडा खंडाने दिला किंवा सोसायटीचे हप्ते बांधून घेतले तरी निभेल. हे सांगितल्याने व्यवहार हातचा गेला, तर जाऊ द्यावा. विकणारा आपलाच सभासद आहे, उद्या त्याच गव्हाणीवर त्याचीही गाडी उभी राहणार आहे. विकलेली जमीन त्याच्या घरात बहुधा परत येत नाही. म्हणून ती जाताना हिशेबाने आणि मानाने गेली पाहिजे.

वहीच्या पहिल्या पानावर चिकटवण्यासाठी :

१) तारीख, नाव, गाव, मालक की मध्यस्थ
२) गट नंबर, हेक्टर-आर, पोटखराबा
३) नावे, भाऊ-बहिणी, सह्या
४) वर्ग एक की दोन
५) बोजा आणि थकबाकी
६) रस्ता, पाणी
७) ताबा, उभे पीक, ऊस नोंद कोणाची
८) विकण्याचे कारण, पैशाची निकड
९) त्यांची अपेक्षा (आपला भाव इथे लिहू नये)
१०) पुढचा फोन कधी आणि कोणी करायचा

सभासदांनी हे दहा रकाने कापून ठेवावेत. ऊस नोंदीच्या नावबदलाबाबत काही अडचण आल्यास आपल्या गट ऑफिसला भेटावे. कागदपत्रांबाबत मात्र जाणत्या वकिलाचाच सल्ला घ्यावा. पुढच्या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाकडे वळू.